‘स्मशानातील सोनं’: श्रमिकाच्या हातांची कथा

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) ह्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ ह्या कथेत प्रथम लक्ष वेधून घेतो तो बीभत्स रस. चितेच्या राखेतून सोने वेचणारा नायक आणि प्रेतासाठी कोल्ह्यांशी त्याने दिलेली झुंज ही चित्रे विसरता येण्याजोगी नाहीत. तथापि कथेचे मर्म त्यांत नाही.

वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो. त्याची सारी ओळख त्याच्या बलदंड देहात सामावलेली आहे. खाणीत दगड फोडून तो जगतो. खाण बंद पडते, आणि तेच हात स्मशानातील राख चाळू लागतात. भुते स्मशानात नसून माणसांच्या वस्तीतच नांदतात, असे त्याला वाटते. येथे विटाळाची रूढ कल्पना उलटी होते. प्रेताला शिवणारा नव्हे, तर जिवंतास उपाशी ठेवणारा समाज अशुचि ठरतो. सोने सापडते तेही श्रीमंताच्याच राखेत. मृत्यूही विषमता पुसत नाही.

अखेरीस प्रेताच्या जबड्यात अडकून भीमा बोटे गमावतो, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. हा योगायोग कृत्रिम आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु खाण बंद होण्यावर वा सुरू होण्यावर भीमाची सत्ता कधीच नव्हती. वाचकास जो योगायोग वाटतो, तो श्रमिकाच्या आयुष्याचा नित्यक्रम होय.

वाटेगावहून मुंबईस आलेल्या, नाममात्र शालेय शिक्षण लाभलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या लेखकाने हा मार्ग स्वतः तुडविला होता. मातंग समाजावरील गुन्हेगारीचा शिक्का ‘फकिरा’त (१९५९) त्यांनी चित्रित केलाच आहे. तरीही प्रस्तुत कथेत आत्मकरुणेचा स्वर उमटत नाही. स्वानुभव नायकाच्या कृतीत पूर्णपणे विरघळतो.

१९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी मांडला. तो हातच विच्छिन्न झाल्यावर काय उरते, हे ही कथा दाखविते. भीमाने भय जिंकले, भूक जिंकली, कोल्हेही जिंकले. खाणीचा मालक मात्र त्याच्या झुंजीच्या कक्षेत कधी आलाच नाही. संकटावरील विजयाचा सोपा दिलासा नाकारण्यातच ह्या कथेचे थोरपण आहे.