सोफ्यावर झोपणारा नायक

मराठीत प्रेमकादंबरीला वाचक नेहमीच मिळाले, पण तिचं वाचन फारसं झालं नाही. ती खपते, हातोहात फिरते, पानं सुटेपर्यंत वाचली जाते. समीक्षेत मात्र तिचा उल्लेख 'लोकप्रिय' या एका शब्दात उरकला जातो. आता तर ती छापखान्यापर्यंतही जात नाही. 2014 साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर किंवा किंडलवर कुणीही स्वतःची कादंबरी स्वतः प्रकाशित करू शकतं. त्यामुळे बारामती किंवा इंदापुरात राहून, घरचं आवरून, मोबाइलवर रोज एक भाग लिहिणं शक्य झालं आहे. पुण्याच्या प्रकाशकाची पायरी चढायला नको, की कुणाची शिफारस नको. असं लिहिणारीला संपादक नसतो, पण 'पुढचा भाग कधी?' असं विचारणारे शेकडो वाचक असतात. या लेखनाला नाक मुरडण्याआधी ते नीट वाचायला काय हरकत आहे?

तालुक्याच्या गावात बसून आपली पुस्तकं आपणच काढण्याची रीत जुनीच आहे. बारामतीहून नीरा ओलांडून फलटणमार्गे पुढे गेलं की सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव लागतं. ना. ह. आपटे (1889–1971) तिथे राहिले. त्यांनी तिथे स्वतःचा छापखाना घातला आणि 'आपटे आणि मंडळी' या नावाने प्रकाशनही चालवलं. ह. ना. आपट्यांशी नावाचा घोळ आजही होतो, आणि वाङ्मयाच्या इतिहासात बहुतेक जागा ह. नां.च्याच वाट्याला येते. ना. ह. घराघरातल्या वाचकांचे लेखक होते. लग्न, संसार आणि त्यात कोंडलेली बाई हा त्यांचा हक्काचा विषय.

त्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातने 1937 साली 'कुंकू' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, पटकथा खुद्द आपट्यांची. मामा फसवून नीराचं लग्न एका वयस्क विधुराशी लावून देतो. ती त्याच्या घरात राहते, पण त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. या गोष्टीतली खरी धिटाई वेगळीच आहे. नीराला सोडवायला कुणी तरुण प्रियकर येत नाही. तिचं दुसऱ्या कुणावर प्रेम आहे म्हणून हा नवरा नको, असं नाही. तिला विचारलं नव्हतं, एवढंच कारण आहे आणि कथा ते पुरेसं मानते. शेवटी म्हाताऱ्याला आपला अन्याय कळतो आणि तो स्वतःच तिच्या वाटेतून दूर होतो. सुटकेसाठी नवऱ्याचं मरण लागावं, ही त्या कथेची मर्यादा. पण नीराचा नकार शेवटपर्यंत नकारच राहतो.

पुढच्या पिढीतले चंद्रकांत काकोडकर हे भरपूर खपणारे प्रेमकथाकार. 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टात ते सुटले. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून 25 रुपये दंड केला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात कथेतली पात्रं आणि प्रसंग क्रमाने मांडून, कथा सबंध वाचून मत दिलं. लेखन अपरिपक्व वाटलं, अभिरुची हलकी वाटली, तरी ते वाचकाला बिघडवणारं नाही, असा त्याचा आशय. मराठी प्रेमकथेचं इतकं बारकाईने वाचन क्वचितच झालं असेल, आणि ते करायला न्यायालय लागलं! अर्थात न्यायालयाचा प्रश्न एकच होता: ही कथा अपायकारक आहे का? आज मोबाइलचा मंचही एकच प्रश्न विचारतो: किती जणांनी वाचली? कथेत दोन माणसांमध्ये नेमकं काय घडतं, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेरचा. तो समीक्षेने विचारायचा.

आजच्या मालिकांमधला सर्वात आवडता साचा घेऊ: मनाविरुद्ध लग्न आणि मग प्रेम. म्हणजे सुरुवात थेट नीराचीच. फरक असा की इथला नवरा तरुण, देखणा आणि बहुधा कंपनीचा मालक असतो. पहिल्या रात्री नायिका तोंड फिरवते. नायक उशी उचलतो आणि सोफ्यावर जाऊन झोपतो. हा सोफा इतक्या कथांमध्ये येतो की हसू यावं. पण वाचक पुन्हा पुन्हा तिथेच का थांबतात? माझ्या मते या कथांमधलं खरं स्वप्न बंगला किंवा गाडी हे नाही. आपलं 'नको' कुणीतरी ऐकावं आणि वाट पाहावी, हे ते स्वप्न आहे.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात हे स्वप्न फार साधं नाही. इथे स्थळ बघताना जात आधी पाहिली जाते, मग जमीन, ऊस, नोकरी. मुलीची पसंती विचारलीच तर पोह्यांच्या बशा उचलल्यावर. उजनीच्या पाण्यापलीकडचा करमाळा तालुका 'सैराट'मुळे (2016) सगळ्यांनी पाहिला. स्वतः निवड करण्याची किंमत काय असू शकते, हे त्या सिनेमाने दाखवलं. अशा ठिकाणी प्रेमकथा लिहिणारी बाई टोपणनाव घेते, यात नवल नाही.

पण सोफ्यावरचा प्रत्येक नायक सारखा नसतो. एका प्रकारच्या कथेत तो वाट पाहतो आणि ती शेवटपर्यंत 'नाही' म्हणू शकेल, ही शक्यता जिवंत असते. दुसऱ्या प्रकारात तिचं 'नाही' म्हणजे साठाव्या भागापर्यंत कथा ताणायची सोय. तो रागावतो, मनगट धरतो, पहारा ठेवतो आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. दोन्हींचा शेवट गोडच असतो आणि वाचनसंख्याही कदाचित सारखीच. वाचणाऱ्या मुलीच्या हाती मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडतात. एक तिला सांगते की तुझ्या शब्दाला वजन आहे. दुसरी सांगते की थोडं थांब, तुझं मन आपोआप वळवलं जाईल. हे दुसरं तिला घरातही ऐकवलं जातच असतं.

हा फरक लेखिकेला दाखवून देणारं सध्या कुणी नाही. संपादक नाही, समीक्षक इकडे फिरकत नाहीत, आणि वाचकांना पुढच्या भागाची घाई. रोज भाग टाकायचा म्हटल्यावर तिलाही मागे वळून पाहायला सवड कुठून मिळणार? शुद्धलेखन सुधारून देणारे पुष्कळ भेटतील. 'चाळिसाव्या भागात तिने होकार दिला, तो नेमका कशामुळे?' असं विचारणारा एक वाचक तिला जास्त उपयोगाचा आहे. कोरेगावात बसून आपट्यांनी लिहिलेली नीरा हा प्रश्न झेलू शकते. स्वतःच स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या आजच्या लेखिकेलाही तो विचारावा. तिला गंभीरपणे घेण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.