दट्ट्या, चरक आणि घुंगरू : जोडठोकळ्यांच्या यंत्रप्रतिकृतींचा विचार

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे जाताना रांजणगाव लागते. यात्रेकरूंस ते महागणपतीचे स्थान म्हणून ठाऊक आहे. परंतु अलीकडच्या काळात औद्योगिक वसाहत म्हणूनही त्याचे नाव झाले आहे. टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतील कारखाना येथे आहे, आणि मोटारींप्रमाणेच त्यांची इंजिने व गिअरपेट्याही तेथे तयार होतात. २०२१ साली याच कारखान्यात जीप रँग्लर या गाडीची जुळणी सुरू झाली. ‘जुळणी’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. कारण या गाडीचे सुटे भाग संचरूपाने परदेशातून येतात आणि येथे जोडले जातात. योगायोग असा, की त्याच वर्षी डेन्मार्कमधील लेगो कंपनीने आपल्या ‘टेक्निक’ मालेत याच गाडीची ६६५ भागांची प्रतिकृती विक्रीस आणली. एकाच वाहनाचे दोन संच : एक कारखान्याच्या भिंतीआड जोडला जाणारा, दुसरा टेबलावर. या दुसऱ्या संचाकडे, आणि त्याच्या जातीच्या प्रगत यंत्रप्रतिकृतींकडे, टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळण्याची समीक्षा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कलाकृतीचे मूल्य तिच्या उपयोगात नसून घटकांच्या लयबद्ध संघटनेत असते, हा विचार मर्ढेकरांनी आपल्याकडे रुजविला. यंत्राच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. यंत्रात घटकांची संघटना हीच उपयोगाची वाट असते. दाता दात्यात बसला नाही तर लयही बिघडते आणि कामही अडते. यंत्राची प्रतिकृती या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभी असते. ती यंत्र आहे आणि यंत्राचे चित्रही आहे. अशा वस्तूची पारख भागांच्या संख्येवरून किंवा मूळ वस्तूशी असलेल्या बाह्य साम्यावरून करण्याची जी रीत पडली आहे, ती अपुरी आहे असे मला वाटते. तिच्यात गती कोठून येते आणि ती कोठे खर्ची पडते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

प्रथम माध्यमाचा विचार करू. लेगोच्या ठोकळ्याचे एकस्व २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदविण्यासाठी दाखल झाले. त्याच्या माथ्यावरील दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, तर ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. पातळ पट्टीची उंची याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. आडवे माप आणि उभे माप जुळत नाही, हे या माध्यमाचे मूळ दुखणे. १९७७ साली टेक्निक माला निघाली तेव्हा लांब ठोकळ्यांना कुशीत छिद्रे पाडण्यात आली व त्यांतून आस ओवण्याची सोय झाली. परंतु एकावर एक ठेवलेल्या दोन ठोकळ्यांच्या छिद्रांतील अंतर ९.६ मिलिमीटर भरते, आणि दातेरी चाकांना ते मानवत नाही. उपाय मोठा गमतीचा आहे : दोन ठोकळ्यांमध्ये दोन पट्ट्या घालाव्यात. ९.६ आणि ६.४ मिळून १६ होतात, म्हणजे आडव्या मापाची बरोबर दोन घरे. उभे-आडवे येथे प्रथम भेटतात. ज्याने हा हिशेब एकदा हाताने केला आहे, त्याला वृत्तात अक्षर बसविताना कवीची होणारी ओढाताण नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

दातेरी चाकांचे गणितही याच चौकटीतून निघते. चाकाला जितके दाते, त्याच्या निम्मे मिलिमीटर त्याची त्रिज्या. म्हणून ८ आणि २४ दात्यांची जोडी १६ मिलिमीटर अंतरावर, ८ आणि ४० ची जोडी २४ मिलिमीटरवर, आणि २४ आणि ४० ची ३२ मिलिमीटरवर बिनबोभाट बसते. यातून एकास तीन, एकास पाच, तिनास पाच ही गुणोत्तरे सहज मिळतात. याउलट एकास दोन हे शाळकरी मुलालाही सोपे वाटणारे गुणोत्तर ८ आणि १६ दात्यांनी साधू म्हटले, तर १२ मिलिमीटर, म्हणजे दीड घर, अंतर लागते आणि अर्ध्या घरासाठी निराळी खटपट करावी लागते. अंकगणितात जे सोपे, ते येथे अवघड होऊन बसते. या प्रतिकृतींच्या रचनाकाराचे कौशल्य भागांच्या विपुलतेत पाहण्यापेक्षा अशा अडचणीच्या जागी पाहावे.

या शतकाच्या आरंभी उंचवटे नसलेल्या गोल कडांच्या तुळया प्रचारात आल्या आणि उभ्या-आडव्याचा झगडा बव्हंशी मिटला. दोन्ही दिशांना ८ मिलिमीटरचेच घर झाले. मात्र त्यामुळे कामाची जातच पालटली. पूर्वीचे काम गवंड्याचे होते, थरावर थर चढविण्याचे. आताचे काम सुताराचे आहे : आधी आतला सांगाडा, मग त्याभोवती बाकीचे. पूर्वीची प्रतिकृती ओबडधोबड दिसे, पण तिचा कोणता भाग कशाचा भार वाहतो हे नुसत्या डोळ्यांना कळे. १९७७ मधील ८५३ क्रमांकाच्या मोटारीला तर कवचच नव्हते. चार सिलिंडरांचे इंजिन, दोन गतींची गिअरपेटी आणि सुकाणू एवढा उघडा सांगाडा हाच तिचा विषय होता. आजच्या प्रतिकृती कवचधारी झाल्या आहेत.

कवचाआड काय घडू शकते याचे उदाहरण २०१६ सालच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएस या २७०४ भागांच्या प्रतिकृतीत सापडते. सोबतच्या सूचनापुस्तिकेबरहुकूम जोडणी केली, तर तिच्या गिअरपेटीच्या गतींचा क्रम पहिली, तिसरी, दुसरी, चौथी असा लागतो. दोन चाकांची अदलाबदल केली की तो सरळ होतो. हा दोष बाहेरून दिसत नाही. चाकाच्या एका फेऱ्यामागे दट्ट्या किती वेळा वरखाली होतो हे मोजले तरच उमगतो. जो मोजणार नाही, त्याच्या लेखी ती गिअरपेटी निर्दोषच राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खऱ्या मोटारीत इंजिन चाकांना फिरविते. विजेची मोटर नसलेल्या प्रतिकृतीत चाके इंजिनाला फिरवितात : मूल गाडी ढकलते, चाके फिरतात, आस फिरतो आणि अखेरीस दट्टे हलतात. कार्यकारणाची ही उलटापालट इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तिचा परिणाम मात्र हाताला जाणवतो. खऱ्या गाडीत पहिला गिअर बळाचा. चालक चढणीला तो टाकतो. प्रतिकृतीत तोच गिअर टाकून गाडी ढकलली, की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे सर्वाधिक पडतात आणि ढकलणे सर्वाधिक जड जाते. शेवटचा गिअर टाकला की गाडी हलकी पळते. ‘पहिल्या गिअरमध्ये जोर अधिक’ हे पुस्तकातले वाक्य आणि तळव्याला आलेला अनुभव यांचा मेळ बसत नाही.

मग ही प्रतिकृती खोटे शिकविते काय? माझेही प्रथम तेच मत होते, ते आता तितकेसे ठाम राहिलेले नाही. बॅटरी उतरलेला टेम्पो धक्का मारून सुरू करताना आपल्याकडील चालक पहिला गिअर टाकत नाही, दुसरा टाकतो. कारण पहिल्यात चाके इंजिनाला रेटू शकत नाहीत, आणि रेटलीच तर गचका बसतो. घाट उतरताना लादलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये ठेवतात तोही याच न्यायाने : तेथे चाके इंजिन फिरवितात आणि इंजिन गाडीला आवरते. तेव्हा ढकलगाडीच्या जातीची प्रतिकृती खोटी नाही. ती चढणीची नसून उताराची प्रतिकृती आहे. तसे सांगितले जात नाही, ही तिची उणीव.

या दृष्टीने लँड रोव्हर डिफेंडर आणि जीप रँग्लर यांची तुलना उद्बोधक ठरते. डिफेंडरची प्रतिकृती २०१९ सालची, २५७३ भागांची. मूळ गाडीची कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे, तेव्हा दोन्ही विषय आपल्या उंबऱ्याजवळचे म्हणावयास हरकत नाही. तिच्यात एका ओळीतील सहा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना गती, तीन डिफरेन्शियल आणि वरच्या-खालच्या श्रेणी मिळून आठ गतींची गिअरपेटी आहे. रचना म्हणून तिची तारीफ करावी तेवढी थोडी. परंतु चाकांपासून दट्ट्यांपर्यंतच्या वाटेत दात्यांच्या इतक्या जोड्या येतात आणि प्लॅस्टिकच्या छिद्रात फिरणारे प्लॅस्टिकचे आस इतके घर्षण करतात, की पुष्कळशी गती वाटेतच संपते. इंजिन फिरते आहे हे पाहण्यासाठी गाडी चालविण्यापेक्षा तिला रेटावे लागते. जीपच्या प्रतिकृतीत इंजिन नाही, गिअरपेटी नाही, डिफरेन्शियलही नाही. पुढची चाके वळतात. पुढचा व मागचा आस खाचखळग्यांप्रमाणे एका अंगाला झुकतो. आणि दोर गुंडाळणारी फिरकी आहे. मूळ रँग्लरला दोन्हीकडे अखंड आसच आहेत, म्हणजे जे दाखविले ते खरे आहे. जे दाखविता येणार नव्हते, ते दाखविल्याचा आव आणलेला नाही. भरगच्च डिफेंडरपेक्षा मी या मौनाला अधिक गुण देतो, यावर अनेक जाणकार रागावतील हे ठाऊक असूनही.

येथे एक आक्षेप येईल : दट्टे काही काम करीत नसले, तरी पाहणाऱ्याला आतील गतीची वार्ता देतात, तेवढे पुरे नाही काय? याचे उत्तर मला शिरूर-दौंड रस्त्यावरील एका रसवंतीत सापडले. घोड आणि भीमा यांच्या काठचा हा मुलूख उसाचा. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांत पूर्वी बैलांचा चरक असे : तीन उभे रूळ, मधल्याला बैल जुंपलेली लांब दांडी, आणि त्याच्याच दात्यांनी उलट दिशांना फिरणारे बाजूचे दोन. पुढे तेलाचे इंजिन आले, मग वीज आली. रूळ आडवे झाले, दाते मात्र रसवंतीत अजूनही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फिरत असतात. आणि यंत्राच्या फिरत्या चाकाला घुंगरू बांधलेले असतात. रस काढण्याशी त्यांचा संबंध नाही. ते वाटसरूला बोलावतात, एवढेच. प्रतिकृतीतील दट्टा हा अशा घुंगरासारखाच नव्हे काय, असे मला उसाचा पेला हातात असताना वाटले.

थोडे अधिक थांबल्यावर फरक दिसला. रसवंतीवाल्याने दुमडलेला चोथा पुन्हा रुळांत घातला, की घुंगरांचा ठेका मंदावे. रूळ रिकामे फिरू लागले, की तो पुन्हा जलद होई. म्हणजे घुंगरू काम करीत नव्हते, पण कामाची खबर देत होते, यंत्रावर भार किती पडला याची. प्रतिकृतीतील दट्टा फक्त ढकलणाऱ्या हाताची खबर देतो. त्याच्या पलीकडे ओढायला काही नाही, पिळायला काही नाही. गाडीवर ओझे ठेवले किंवा काढले, तरी चाकाच्या एका फेऱ्यामागे त्याचे हेलकावे तितकेच.

म्हणूनच या मालेतील उत्तम कृती मोटारींत नसून याऱ्या आणि उत्खनक यांत आहेत, असे माझे मत बनले आहे. यारीत हात हाच मूळ चालक असतो आणि भार खराखुरा उचलला जातो; कारण एका टोकाला, कार्य दुसऱ्या टोकाला. मध्ये मळसूत्री चाक असले तर ही दिशा पालटताही येत नाही. मळसूत्राचा एक फेरा पुढच्या चाकाचा एकच दाता सरकवितो. २४ दात्यांच्या चाकाला पूर्ण फिरविण्यास २४ फेरे लागतात. परंतु ते चाक उलट मळसूत्राला फिरवू शकत नाही, आणि म्हणून हात काढला तरी भार लटकून राहतो. १९८४ पासून आलेली हवेची साधनेही याच गटात येतात. पंपाने दाबलेली हवा झडपेतून सिलिंडरात जाते आणि बाहू उचलला जातो. २०१५ च्या मर्सिडीझ आरोक्स या २७९३ भागांच्या मालमोटारीची यारी अशी हवेवर चालते. खेड्यापाड्यांत ज्याला सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात, त्या यंत्रात हवेऐवजी तेल असते. तेल दाबले जात नाही, म्हणून तेथील बाहू संथ उचलला जातो. हवा आधी दबते, घर्षण सुटताच उसळते, आणि खेळण्याचा बाहू झटक्याने वर येतो. हा दोष खराच, पण तो पदार्थाच्या स्वभावातून आलेला आहे. विद्यार्थ्याने त्याचे कारण विचारले, तर उत्तर देता येते.

रांजणगावच्या भिंतीआड गिअरपेट्या बनतात, आणि भोवतालच्या गावांतील मुलांना रस्त्यावर दिसतात त्या झाकलेल्या, रंगविलेल्या गाड्या. उघडे दाते पाहण्याची त्यांची जागा अजून तरी रसवंती हीच आहे. जीपचा संच एका सहकाऱ्याने आणला होता, तेव्हा त्यांच्या शिरूरच्या भाच्याने आसांचे झुकणे पाहून घेतले आणि मग फिरकीचा दोर टेबलाखाली सोडून त्याला पाण्याचा भरलेला तांब्या बांधला. तांब्या उचलला गेला नाही. गाडीच टेबलाच्या कडेकडे सरकू लागली. त्याने मागच्या चाकांना पुस्तकांची उटी लावली आणि पुन्हा फिरकी फिरविली.