कुरुंदवाडचा विद्यार्थी : जिज्ञासेसंबंधी एक टिपण

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या चरित्रांत एक कार्यकारणभाव फार सहजपणे मांडला जातो : बालपणी आतषबाजीच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, शाळा खुंटली, म्हणून ते गायक झाले. आमच्या मते ही उपपत्ती अपुरी आहे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते का पोहोचले, एवढेच तीवरून कळते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, त्याचे कारण गायकवर्गाचा अवमान असे सांगतात. तेही मान्य करू. परंतु पुढे मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, तो कोणत्या निकडीने? मैफल जिंकण्यास मिरजेची विद्या पुरेशी होती. आपण गातो त्या चिजांचे शब्द काय म्हणतात, हे जाणण्याची ओढच येथे दिसते. आणि कीर्तनकाराच्या पुत्रास ती असावी, यात नवल ते काय? चरित्रकार मात्र हा मुक्काम दोन ओळींत आटोपतात.

१९०१ साली लाहोरास स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी क्रमिक पुस्तके व परीक्षा आणल्या, याचा गौरव सर्वत्र आढळतो. स्वतः परीक्षेवाचून शिकलेल्या गुरूने परीक्षा का योजिली, हे कोणी विचारीत नाही. ज्यांच्या घरी गाणे नव्हते त्यांस प्रवेश मिळावा, असे एक उत्तर संभवते.