गाळ काढला, पण ठेवला कोठे?

पावसाळा तोंडावर आला की नद्यानाल्यांतून किती टन गाळ काढला याचे आकडे प्रसिद्ध होतात. आकडा मोठा तर काम चांगले, असा समज रूढ आहे. हा हिशेबच अपुरा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

विठ्ठलवाडीजवळून वाहणारी वालधुनी घ्या. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी वाटेतील शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी घेऊन उल्हासच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ च्या पुराने या पट्ट्याचे काय हाल केले, हे येथील शिक्षकांना सांगायला नको. पात्र मोकळे हवे, याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो गाळ म्हणजे नुसती माती, या गृहीताशी.

पारा, शिसे, कॅडमियम हे धातू चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. उल्हासच्या खाडीतील गाळात पारा साचल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. प्राणवायूविना पडून राहिलेल्या काळ्या गाळात असे धातू बरेचसे सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात. गाळ ढवळला की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि धातूंचा काही अंश पुन्हा मोकळा होतो. शिवाय स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १ मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण सुमारे तीन दिवस! खाऱ्या पाण्यात अशा कणांच्या गुठळ्या होऊन ते लवकर बसतात, हे खरे. पण तोवर प्रवाहाने त्यांना दूर नेलेले असते. आणि काठावर रचलेला ढीग? तो पहिल्या मोठ्या पावसात पात्रात परततो.

२०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. बोटींसाठी खोली राखायची तर गाळ वरचेवर उपसावा लागणार. म्हणून हा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. रॉटरडॅम बंदराने दूषित गाळासाठी १९८७ मध्ये स्लुफ्टर नावाचे बंदिस्त कोठार सुरू केले. आपल्या हिशेबात ‘किती टन’ या रकान्याशेजारी ‘गाळात काय होते’ आणि ‘तो कोठे गेला’ हे दोन रकाने तरी हवेत.

वर्गात एका बरणीत शेतातली माती पाण्यात ढवळून ठेवावी. (नदीचा गाळ मुलांच्या हाती देऊ नये.) वाळू लगेच बसेल, पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसेल. नदीत तो गढूळपणा कोठवर जाईल, हा प्रश्न मग मुलांनाच विचारावा.