राजासन आणि कोकरा : ‘प्रकटीकरणा’तील राजत्वाची परिभाषा

नव्या कराराच्या अखेरीस येणाऱ्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाचा विचार बहुधा त्यातील भाकितांच्या अनुरोधाने केला जातो. पशू कोण, ६६६ या संख्येचा संकेत कोणता, सहस्र वर्षांचे राज्य केव्हा यावयाचे, या प्रश्नांवर भाष्यकारांची मोठी शक्ती खर्ची पडली आहे. परंतु ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न काळाचा नसून सत्तेचा आहे. राज्य खरोखर कोणाचे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर राजत्वाच्या प्रतीकांतून दिलेले आहे, आणि त्या प्रतीकांचे मर्म ग्रंथकर्त्याच्या शब्दयोजनेत शोधावे लागते.

आयरेनियसच्या साक्षीनुसार हा ग्रंथ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास रचला गेला. पात्म बेटावरील योहान आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना उद्देशून लिहीत होता. या प्रांतात सम्राटपूजा चांगलीच रुजलेली होती. पर्गम येथे रोमा देवता व ऑगस्टस यांच्या मंदिरास इ. स. पूर्व २९ मध्येच अनुमती मिळाली होती. डोमिशियन स्वतःस ‘प्रभू आणि देव’ म्हणवून घेई, असे सूएतोनियसने नमूद केले आहे. चौथ्या अध्यायातील चोवीस वडील हेच संबोधन राजासनावर बसलेल्या ईश्वरास अर्पण करतात. ‘थ्रॉनॉस’ म्हणजे राजासन हा शब्द नव्या करारात ६२ वेळा येतो. त्यांपैकी ४७ वेळा तो या एका ग्रंथात आहे. पर्गममध्ये सैतानाचे राजासन आहे, अजगर आपले राजासन पशूला देतो, आणि या दोहोंच्या समोर स्वर्गातील राजासन मांडलेले आहे. दरबारी परिभाषा अशी सर्वस्वी उसनी घेतलेली आहे. मात्र तिचा अर्थ तोच राहिला आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

पाचवा अध्याय या दृष्टीने निर्णायक होय. यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे, असे योहानाच्या कानी पडते. तो पाहतो तेव्हा त्याच्या दृष्टीस पडतो तो वधलेला कोकरा. ऐकलेले नाव एक आणि पाहिलेले रूप दुसरे, अशी ही रचना आहे. ‘अर्निऑन’ हे मूळचे लघुत्वदर्शक नाम ग्रंथात २९ वेळा येते आणि एक अपवाद सोडल्यास सर्वत्र ख्रिस्ताचे वाचक आहे. जी. बी. केर्ड यांनी १९६६ च्या आपल्या भाष्यात या अदलाबदलीस संपूर्ण ग्रंथाची किल्ली मानले आहे. मराठी भाषांतरात रूढ झालेला ‘राजासन’ हा शब्द येथे विशेष उचित ठरतो. ‘सिंहासन’ म्हटले असते तर ज्या सिंहाची जागा कोकऱ्याने घेतली, तोच शब्दाच्या आडून पुन्हा आसनावर येऊन बसला असता.

याहून सूक्ष्म उदाहरण ‘पॉइमाइनेइन’ या क्रियापदाचे आहे. त्याचा मूळ अर्थ मेंढरे राखणे, हा होय. दुसऱ्या स्तोत्रातील अभिषिक्त राजा लोहदंडाने राष्ट्रांचा चुराडा करतो. परंतु हिब्रू व्यंजने दोन प्रकारे वाचता येत असल्यामुळे ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘राखील’ असा अर्थ घेतला. योहान एकोणिसाव्या अध्यायात लोहदंडासह हेच क्रियापद योजतो, आणि सातव्या अध्यायात कोकरा आपल्या लोकांना जीवनाच्या झऱ्यांकडे नेतो तेथेही तेच. राजाला मेंढपाळ म्हणण्याची प्रथा फार प्राचीन आहे. हम्मुराबीच्या संहितेच्या प्रस्तावनेतही ती आढळते. ‘मेंढपाळ’ आणि ‘भूपाळ’ या शब्दांतील समान पदामुळे मराठी वाचकास ती परकी वाटू नये. भाषांतरात एके ठिकाणी ‘पालन’ आणि दुसरीकडे ‘शासन’ असे शब्द पडले, तर मात्र हा दुवा तुटतो.

मुकुटांचेही तसेच आहे. ‘दिआदेमा’ हे राजचिन्ह, तर ‘स्तेफानॉस’ ही प्रायः विजेत्याची माला. अजगराच्या मस्तकांवर सात व पशूच्या शिंगांवर दहा राजचिन्हे आहेत. मोजता येतील इतकीच. श्वेत अश्वावरील स्वाराची राजचिन्हे केवळ ‘पुष्कळ’ म्हटली आहेत. वडील राजासनापुढे ठेवतात त्या माला होत. दोहोंसाठी ‘मुकुट’ हा एकच शब्द योजल्यास बळकावलेले राजत्व आणि अर्पण केलेला विजय यांतील भेद लोपतो.

योहानाच्या ग्रीकचे दोष तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाच्या डायोनिशियसने दाखविले होते. आर. एच. चार्ल्स यांनी १९२० मध्ये त्यांची उपपत्ती अशी लावली की, लेखक हिब्रूत विचार करतो आणि ग्रीकमध्ये लिहितो. तथापि काही स्थळी नियमभंग हेतुपूर्वक दिसतो. पहिल्या अध्यायात शब्दयोगी अव्ययानंतरही ईश्वराचे नाम प्रथमेतच राहते. जणू त्या नामास कोणतीही विभक्ती विकार करू शकत नाही. अकराव्या अध्यायात प्रभू आणि त्याचा ख्रिस्त असे दोघे उल्लेखिलेले असता ‘राज्य करील’ हे क्रियापद एकवचनी आहे. बाविसाव्या अध्यायात ईश्वर व कोकरा यांचे राजासन एकच असून सेवा करावयाची ती ‘त्याची’, ‘त्यांची’ नव्हे.

या प्रतिपादनास एक गंभीर आक्षेप आहे. डी. एच. लॉरेन्स यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अपोकॅलिप्स’मध्ये, या ग्रंथात दुर्बलांची सत्तालालसाच बोलते असा ठपका ठेवला. एकोणिसाव्या अध्यायातील संहार वाचताना हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही. स्वाराचे वस्त्र युद्धापूर्वीच रक्ताने माखलेले आहे, म्हणून ते त्याचे स्वतःचेच रक्त होय. त्याची तलवार हातात नसून मुखातून निघते, म्हणजे शस्त्र हे वचन आहे. हे समाधान बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. तरीही प्रेतांवर तुटून पडणारे पक्षी उरतातच. रोमची परिभाषा उसनी घेताना तिच्यातील हिंसेचा काही अंश सोबत आला, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र ग्रंथाची समाप्ती त्या रणांगणावर होत नाही. अखेरच्या दृश्यात मंदिर नाही, रात्र नाही, आणि ‘राज्य करतील’ हे क्रियापद अनेकवचनी आहे. त्याचे कर्ते ईश्वराचे दास आहेत. सम्राटाच्या दरबारात राजासन एकाचे असते आणि उरलेले सारे त्यासमोर उभे असतात. येथे राजासन एकच राहते, राज्य मात्र दासांनाही मिळते. उसन्या शब्दांतून योहानाने घडविलेला नवा अर्थ तो हाच होय.