ब्रूक्सचा आराखडा आणि ३०४ डबे

आता ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचं ते प्रसिद्ध चित्र घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधकांनी ते छापलं. हेतू चांगला होता, परिणामही झाला. पण त्यात माणसं कशी आहेत बघा: वरून पाहिलेली, एकसारखी, बिनचेहऱ्याची. म्हणजे करुणा जागवणारं चित्रसुद्धा व्यापाऱ्याच्याच नजरेनं पाहतं.

बेनिनचे रोमुआल्द हाझुमे नेमकं इथंच बोट ठेवतात. ‘ला बूश द्यु र्वा’मध्ये त्यांनी तोच आराखडा मांडला, पण पेट्रोलच्या प्लास्टिक डब्यांच्या ३०४ मुखवट्यांनी. डब्याचं तोंड हेच माणसाचं उघडं तोंड. मांडणीत आवाज आहेत, वासही आहेत. सोबतच्या फिल्ममध्ये आजची माणसं असेच डबे मोटारसायकलवर लादून, जीव मुठीत धरून चोरटं पेट्रोल वाहतात.

२००७ साली, ब्रिटिश कायद्यानं हा व्यापार बंद केल्याला २०० वर्षं होताना, ब्रिटिश म्युझियमनं ही कृती विकत घेतली. म्हणजे तीही संग्रहातली वस्तू झालीच! मग प्रेक्षक हळहळून पुढं जाणार का? माझ्या मते तिचं यश हळहळीत नाहीच. डबा रिकामा झाला की फेकून देतात. माणसाचा डबा कोण करतं, हे ती विचारते. आणि वर्तमानकाळात विचारते.