मिठागरात ‘व्यवस्था’ कोठून येते?

उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवताना आपण सारेच एक उदाहरण हमखास देतो. आवरलेली खोली दोन दिवसांत पसरते, म्हणून एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था आणि ती वाढत जाते. मग वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, मग बीपासून झाड कसे होते? तिथे तर व्यवस्था वाढते.” अशा वेळी एर्विन श्रोडिंगर यांच्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकाचा आधार घेतला जातो. सजीव ‘ऋण एन्ट्रॉपी’ खाऊन जगतात असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. हे उत्तर पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही ते पुस्तक पुन्हा वाचले आणि त्यातील विचार पेण व रोहा परिसरातल्या गोष्टींना लावून पाहिला.

पुस्तकाची थोरवी आधी सांगायला हवी. श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिन येथे दिलेली व्याख्याने १९४४ साली पुस्तकरूपाने निघाली. आनुवंशिकतेचा संदेश वाहणारा रेणू ‘अनावर्ती स्फटिका’सारखा असावा, हा त्यातील तर्क तरुण शास्त्रज्ञांना भुरळ घालणारा ठरला. १९५३ साली डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक या दोघांनीही या पुस्तकाचे ऋण मानले आहे. आमची तक्रार आहे ती सहाव्या प्रकरणापुरती, आणि तीही मुख्यतः त्यातल्या ‘व्यवस्था’ या शब्दाबद्दल.

पेणच्या खाडीकाठचे मिठागर डोळ्यांसमोर आणा. भरतीचे पाणी वाफ्यात घेतले जाते. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन आणि वारा यांनी पाणी आटत आटत सुमारे एक दशांश उरले, की मिठाचे रेखीव स्फटिक आपोआप दिसू लागतात. अव्यवस्थाच वाढायची असेल, तर ही शिस्त कोठून आली? मीठ तर सजीव नाही, ते काहीच ‘खात’ नाही!

उत्तर हिशेबात आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेते. ३०० केल्विन तापमानाला भागल्यास पाण्याची एन्ट्रॉपी सुमारे ८ किलोज्यूल प्रति केल्विन इतकी वाढली. हीच उष्णता सूर्यपृष्ठाच्या सुमारे ५,८०० केल्विन तापमानाला भागली, तर उत्तर जेमतेम ०.४ येते. म्हणजे उन्हाबरोबर थोडी एन्ट्रॉपी आली आणि वाफेबरोबर कितीतरी जास्त हवेत गेली. त्यापुढे मिठाच्या स्फटिकात झालेली घट नगण्य आहे. नियम कोठेही मोडलेला नाही. आपण फक्त मीठ पाहत होतो, वाफ पाहत नव्हतो.

सजीवांचा हिशेब याच वहीत बसतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सभोवती टाकत असतो. श्रोडिंगर यांना हे ठाऊक होते. आपण भौतिकशास्त्रज्ञांसाठीच लिहीत असतो तर ‘मुक्त ऊर्जे’विषयी बोललो असतो, असे त्यांनी नंतर जोडलेल्या टिपेत मान्य केले. पण टीप मागे राहिली आणि घोषवाक्य तेवढे वर्गात आले.

दुसरा गोंधळ ‘अपरिवर्तनीय’ या शब्दाचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतले उदाहरण घ्या. शाडूची मूर्ती वाळते तेव्हा मातीच्या कणांमधले पाणी निघून जाते. पाण्यात ठेवली की पुन्हा माती. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजून करतात. त्यात पाणी घालताच ते उष्णता सोडून पुन्हा जिप्सम होते, आणि पाण्यात टाकून त्याची भुकटी परत मिळत नाही. म्हणून पहिला बदल परिवर्तनीय आणि दुसरा अपरिवर्तनीय, असे आपण फळ्यावर लिहितो. प्राथमिक वर्गासाठी ते ठीक आहे. परंतु दुसऱ्या नियमाच्या दृष्टीने दोन्ही अपरिवर्तनीयच! माती परत आली, पण ती वाळवताना खर्ची पडलेले ऊन परत आले नाही. उलट, भट्टी पेटवली तर जिप्समचीही पुन्हा भुकटी होते, फक्त इंधन जळते. वस्तू पूर्वपदावर आणता येते. कोठेही खूण न ठेवता आणता येत नाही. अपरिवर्तनीयतेचा खरा अर्थ एवढाच आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी घेऊन कुंडलिका रोह्याकडे येते. तेथे शेजारीच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. अशा कोणत्याही नदीत सांडपाण्याचे पिंप ओतले, तर ते मिसळायला काहीच खर्च येत नाही. वेगळे करायला मात्र येतो. समुद्राच्या घनमीटरभर पाण्यातून निम्मे गोडे पाणी काढायचे म्हटले, तरी त्या प्रत्येक घनमीटर गोड्या पाण्यामागे निसर्गनियमानुसार किमान सुमारे १ युनिट वीज लागतेच. प्रत्यक्षातले चांगले कारखाने सुमारे ३ युनिट घेतात. शिवाय पदार्थ जितका पातळ होत जाईल, तितकी त्याच्या प्रत्येक ग्रॅममागची किंमत वाढते. “आधी सोडू, मग शुद्ध करू” हे म्हणूनच अर्थशास्त्राच्या आधी भौतिकशास्त्रात चुकते. सांडपाणी अडवायचे ते मिसळण्यापूर्वी, नळाच्या तोंडाशी.

पसरलेल्या खोलीचे उदाहरण ऐकलेल्या विद्यार्थ्याला हे सुचणार नाही. त्याला वाटेल, पसारा काय, उद्या आवरू! म्हणून आमची सूचना अशी : एन्ट्रॉपीची ओळख ऊर्जा आणि कण किती प्रकारे पसरू शकतात, या मोजणीतून करून द्यावी. प्रयोगासाठी ग्लासभर पाणी आणि निळीचा एक थेंब पुरे. थेंब पसरल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे, “आता हा परत काढायचा तर काय काय लागेल?” ती यादी फळ्यावर लिहिता लिहिता दुसरा नियम शिकवून झालेला असेल. श्रोडिंगर यांचे पुस्तक त्यानंतर जरूर वाचायला द्यावे, आणि ती टीप वगळू नये.